गजाच्या टोकावर चारित्र्याची कसोटी

"धंद्यात थोडेफार चालायचेच," हे वाक्य कापड बाजारात सकाळच्या पहिल्या चहाबरोबर ऐकू येते आणि रात्री शटर ओढेपर्यंत कानावर पडत राहते. आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला माप आहे. सुताला काउंट आहे, कापडाला पन्हा आहे, विणीला पीक आहे, ताक्याला मीटर आहेत. मग या 'थोडेफार'लाच तेवढे माप का नसावे? ते नेमके किती असते आणि कोणाच्या खिशातून जाते, याचा हिशेब व्यापारी बंधूंसमोर मांडावा, एवढ्यासाठीच हा लेख.

हल्ली लहानमोठ्या कचेऱ्यांत 'आमची मूल्ये' अशी पाटी लावलेली दिसते. सचोटी, विश्वास, सेवा असे चांगले शब्द तिच्यावर असतात. उर्दू शाळेत आम्हाला ज्याला 'अखलाक' म्हणून शिकवले गेले आणि मराठीत ज्याला शील किंवा चारित्र्य म्हणतात, तीच ही गोष्ट. परंतु पाटी वाचून माणसाचे अखलाक कळत नाहीत. ते कळतात त्याच्या गजावरून, त्याच्या चोपडीवरून, पगाराच्या दिवशीच्या त्याच्या वागणुकीवरून आणि हमालाशी तो ज्या भाषेत बोलतो तिच्यावरून.

घडीतले दोन सेंटिमीटर

प्रथम मापाची गोष्ट घेऊ. ताक्याची घडी एक मीटरची समजली जाते. शंभर घड्या म्हणजे शंभर मीटर, असे बिल बनते. पण घडी ९८ सेंटिमीटरची घातली, तर शंभर घड्यांत ९८ मीटरच कापड भरते. बाजारात याला कोणी चोरी म्हणत नाही, 'फोल्डिंग कमी आहे' असे म्हणतात. शब्द सौम्य केला की मनालाही टोचत नाही.

आता हिशेब करू. एका कुर्त्याला अडीच मीटर कापड लागते असे धरले, तर शंभर मीटरमध्ये चाळीस कुर्ते बसतात. ९८ मीटरमध्ये एकोणचाळीसच बसतात आणि अर्धा मीटर तुकडा उरतो. म्हणजे ताक्यामागे एक कुर्ता गेला. हजार ताक्यांत दोन हजार मीटर गेले, म्हणजे आठशे कुर्त्यांचे कापड. ते शेवटी त्या शिलाई कारागिराच्या अंगावर पडते, ज्याने चाळीस कुर्त्यांची ऑर्डर घेतलेली असते. घाऊक व्यापाऱ्याला फोल्डिंग माहीत असते आणि भाव ठरवताना तो ते धरून चालतो. ज्याला ठाऊक नसते तोच मरतो, आणि तो साखळीत सर्वांत खालचा असतो.

ज्याला फोल्डिंग कमी ठेवायचेच असेल त्याने ते बिलावर लिहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. '९८ सेंटिमीटर घडी, एकूण ९८ मीटर' असे लिहिले की तो सौदा झाला. न लिहिता शंभर मीटरचे पैसे घेतले, तर तो धोका झाला. दोहोंमध्ये फरक फक्त एका ओळीचा आहे.

किरकोळ दुकानातही तीच कथा. वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. मीटर त्याहून साडेआठ सेंटिमीटर मोठा. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आणण्याचे ठरले आणि पुढे टप्प्याटप्प्याने ती आली. त्यानंतरही 'वार' हा शब्द तोंडात राहिला आणि त्या शब्दाच्या आडोशाने अनेकांनी मीटरच्या भावात वार मोजला. सैल विणीचे कापड गजावर ताणून मोजणे हाही त्यातलाच प्रकार. गजावर वैध मापन खात्याचा शिक्का असतो, पण कापड ताणणाऱ्या हातावर कोणाचा शिक्का असतो? पवित्र कुरआनात एका संपूर्ण सूरहचे नावच मापात मारणाऱ्यांवरून पडले आहे, सूरह मुतफ्फिफीन. घेताना पुरे घेणारा आणि देताना कमी देणारा माणूस तिच्या आरंभीच आला आहे. हे नाव वाचूनही ज्याचा हात थरथरत नाही, त्याला वैध मापन खात्याचा निरीक्षक काय सुधारणार?

पिकाचा हिशेब

दुसरी चोरी डोळ्यांना दिसतच नाही. विणीत एका इंचात बाण्याचे जितके धागे येतात, त्यांना आम्ही पीक म्हणतो. यंत्रमागाच्या मजुरीचा भावही पिकावरच ठरतो. आता समजा, साठ पिकाची ऑर्डर आहे आणि माल छप्पन पिकाचा विणला गेला. गिऱ्हाईक हाताने चाचपून सांगू शकत नाही. त्यासाठी भिंग लावून धागे मोजावे लागतात.

एका मीटरमध्ये ३९.३७ इंच असतात. इंचाला चार धागे कमी, म्हणजे मीटरला सुमारे १५७ धागे कमी. शंभर मीटरच्या ताक्यात सुमारे १५,७५०. पन्हा ४८ इंचांचा असेल तर वाचलेल्या सुताची लांबी १९ किलोमीटरच्या वर जाते. चाळीस काउंटच्या सुतात त्याचे वजन पाऊण पौंडाच्या आत, सुमारे २८० ग्रॅम भरते. एका ताक्यामागे २८० ग्रॅम सूत. आजचा सुताचा भाव ज्याने त्याने लावून पाहावा. रक्कम मोठी नाही. पण शंभर माग चालवणाऱ्याकडे वर्षाचे ताके किती होतात, हेही त्याने मोजावे.

याचा परिणाम कुठे दिसतो? मालेगावचा ग्रे माल रंगाई-छपाईसाठी पाली, बालोतऱ्यापर्यंत जातो. ग्रे असताना जे लपते, ते रंग चढल्यावर उघडे पडते. कुठे वीण विरळ, कुठे दाट. कुठे दोन वेगवेगळ्या लॉटचे सूत एकाच ताक्यात. रंगाच्या हौदातून कापड बाहेर येते तेव्हा आडवे पट्टे बोलू लागतात. मग प्रोसेसवाला व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो, व्यापारी मागवाल्याकडे आणि मागवाला विणकराकडे. दंड शेवटी विणकराच्या आठवड्याच्या मजुरीतून कापला जातो. पीक कमी लावण्याचा हुकूम मात्र त्याने दिलेला नसतो.

म्हणून आम्ही म्हणतो, दंड कापण्यापूर्वी दोष कोणाचा ते तपासा. धागा वारंवार तुटत असेल तर सूत हलके होते काय, सायझिंग कच्चे होते काय, हे पाहा. तुटका धागा न जोडता माग तसाच पळवला असेल, तर विणकराची चूक जरूर धरा. पण स्वस्तातले सूत मालकाने घ्यायचे आणि त्याची किंमत विणकराने मोजायची, हा कुठला न्याय?

दोष दाखवून विकणे

हजरत इमाम अबू हनीफा (रह.) यांचे नाव फिकहचे इमाम म्हणून घराघरांत माहीत आहे. ते कूफा शहरात कापडाचा व्यापार करीत, ही गोष्ट मात्र आमचे कापडवाले बंधू विसरतात. त्यांच्या भागीदाराविषयीची एक रिवायत चरित्रकारांनी नोंदवली आहे. इमामसाहेबांनी भागीदाराकडे माल पाठवला आणि त्यातील अमुक कापडात दोष आहे, विकताना तो गिऱ्हाइकाला सांगावा, अशी सूचना केली. भागीदार सांगायचे विसरला, माल विकला गेला आणि गिऱ्हाईक कोण होते हेही कळेना. इमामसाहेबांना हे समजले तेव्हा त्यांनी त्या मालाची सर्व रक्कम दान करून टाकली.

लक्षात घ्या, भागीदाराने खोटे सांगितले नव्हते, तो फक्त गप्प राहिला होता. आमच्या बाजारात तर गप्प राहणे ही हुशारी समजली जाते. 'त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही' हे वाक्य अनेक शिकलेल्या तरुणांच्या तोंडी आम्ही ऐकतो. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, एवढाच प्रश्न तेथे विचारला गेला. ढीग आमच्याकडेही आहेत. वरचा ताका सफाईदार, खालचे डागाळलेले. प्रश्न तोच आहे.

डॅमेज माल विकू नये असे कोणी म्हणत नाही. फेंट, सेकंड, डागी माल यांचाही बाजार आहे आणि गरिबांचे कपडे त्यातूनच होतात. पण तो सेकंड म्हणून, सेकंडच्या भावात विकावा.

नावाची लबाडी याच जातीची. येवला आणि पैठणची पैठणी हातमागावर, रेशीम आणि जरीने विणली जाते. २०१० साली तिला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मागची बाजूही पुढच्यासारखीच साफ दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे, कापलेले धागे दिसतात. रेशमाचा धागा जाळला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ज्या दुकानदाराला हे सर्व माहीत आहे, तो लग्नाच्या खरेदीला आलेल्या खेड्यातल्या बाईला पॉलिएस्टरची साडी 'प्युअर' म्हणून देतो, तेव्हा तो तिचे पैसे तर घेतोच. शिवाय ज्या विणकराने त्या पदरावर महिने घालवले, त्याच्या पोटावरही पाय देतो. यंत्रमागाची साडी विकण्यात कमीपणा नाही. लाखो घरे तिच्यावर चालतात. तिला तिच्या नावाने विका, एवढेच.

वायदा आणि चोपडी

आता उधारीकडे येऊ. कापडाचा सगळा धंदाच उधारीवर उभा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तीस दिवसांचा वायदा करून शंभर दिवसांनी पैसे देणे, ही आज बाजाराची चालच झाली आहे. मोठ्या व्यापाऱ्याचा तो उशीर असतो. आठ माग चालवणाऱ्याचे त्या उशिरात घर मोडते. त्याला सूत रोखीने घ्यावे लागते, विजेचे बिल तारखेला भरावे लागते, विणकराला आठवड्याला मजुरी द्यावी लागते. मग तो सावकाराकडे जातो. आपण न दिलेल्या पैशावर तो दुसऱ्याला व्याज भरतो. व्याजाला हराम म्हणणाऱ्या आमच्या बंधूंनी याचा विचार करावा. आपण व्याज घेत नाही हे खरे, पण आपल्या वायदेखिलाफीमुळे कोणी व्याजाच्या फासात अडकत असेल, तर आपले हात कितपत स्वच्छ राहिले?

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन घातले. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद केली. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही असा नियम आणला की, अशा सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळेल. २०२४ च्या मार्चमध्ये कापड बाजारात याचीच चर्चा होती. दुःखाची गोष्ट अशी की, पैसे वेळेवर कसे देता येतील यापेक्षा कायदा कसा टाळता येईल, याचीच चर्चा आमच्या कानावर अधिक आली. अठरा वर्षे कायदा पुस्तकात होता, तो कर वाढण्याच्या भीतीने आठवला.

ज्याच्याजवळ खरोखर नाही, त्याला सवलत द्यावी, ही कुरआनची शिकवण आहे. पण ज्याच्याजवळ आहे आणि जो टोलवतो, त्याला मजबूर म्हणता येणार नाही. गोदामात नवा माल येतो, घरी नवी गाडी येते आणि मागवाल्याला मात्र 'पुढच्या आठवड्यात या' सांगितले जाते. ही तंगी नव्हे, हा जुलूम आहे.

लिहून ठेवण्याविषयीही दोन शब्द. देण्याघेण्याचा करार लिहून घ्यावा, साक्षीदार ठेवावेत, हा आदेश कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत आहे. तरीही आमच्यात तोंडी सौदा करणे म्हणजे विश्वास आणि लिहून मागणे म्हणजे अपमान, अशी विचित्र समजूत आहे. नंतर पीक, पन्हा, फोल्डिंग, भाव यांवर भांडणे होतात आणि भाऊ भावाला दुरावतो. लिहिल्याने विश्वास कमी होत नाही. तो स्मरणशक्तीच्या भरवशावर राहत नाही, एवढेच.

मजुरीचा दिवस

मजुरी देण्यात उशीर करू नये, ही ताकीद प्रत्येक मुसलमान मालकाला पाठ असते. पाठ असणे आणि पाळणे यांत अंतर आहे. कांडी भरणाऱ्या बाया, वहिफणीवाले, घडी घालणारे, हमाल, ही सारी माणसे आठवड्याच्या हिशेबावर जगतात. त्यांचा दिवस चुकला तर किराणावाल्याकडे त्यांची पत जाते. आणि हिशेब देताना 'घे, काय मोजतोस' असे म्हणून नोटा फेकणारा मालक पैसे पुरे देऊनही काहीतरी हिरावून घेतो.

उचल देऊन माणूस बांधून ठेवणे हाही आमच्या धंद्याचा जुना रोग. आजारपणासाठी, मुलीच्या लग्नासाठी दिलेली रक्कम ही मदत असते. 'उचल फिटेपर्यंत दुसऱ्या मागावर जायचे नाही' अशी अट लावली की तीच साखळी होते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. तिची आठवण मालकांनी ठेवावी.

नागपूरच्या एम्प्रेस मिलचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. जमशेटजी टाटांनी ती १८७७ साली सुरू केली. १८८६ साली तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. कामगारांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा देशात आला तो १९२३ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर. कायदा येईपर्यंत थांबायचे नाही, हा यातला धडा.

उलट बाजूही पाहावी. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. त्याच इमारतीतली बँक बंद ठेवली गेली, परंतु शिलाई कारखान्यांच्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. ऑर्डरची तारीख जवळ होती. तारखेचा वायदा पाळणे हा गुण आहे, हे आम्ही वर म्हटलेच आहे. पण माणसाच्या जिवावर उभा राहून पाळलेला वायदा गुण राहत नाही. आमच्या लूमच्या शेडमध्ये उघड्या वायरी असतात, एकच दरवाजा असतो आणि तोही ताक्यांनी अडवलेला असतो. आधी तो दरवाजा मोकळा करा.

नोकराचीही अमानत

सर्व दोष मालकाचाच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कामाचे तास ही नोकराजवळची अमानत आहे. सूतवाल्याकडून गुपचूप कमिशन घेऊन हलके सूत पास करणारा मेहता, धागा तुटलेला पाहूनही माग चालू ठेवणारा विणकर, गिऱ्हाइकाला डाग दिसू नये म्हणून घडी उलटवणारा सेल्समन, हे सारे त्याच पंक्तीत बसतात. 'मालक तरी कुठे ईमानदार आहे' हा बचाव नाही.

परंतु नोकर शिकतो कोणाकडून? गादीवर बसलेला शेठ फोन वाजला की पोऱ्याला सांगतो, 'सांग, शेठ बाहेरगावी गेलेत.' पोऱ्या सांगतो. त्या दिवशी त्याला खोटे बोलण्याचा पहिला पगार मिळतो. पुढे तोच गल्ल्यात हात घालतो, तेव्हा शेठ कपाळ बडवून घेतात.

नुकसान होते, हे खरे

ईमानदारीने नेहमी फायदाच होतो, असे अनेक लेखांत लिहिलेले असते. आम्ही असे लिहिणार नाही. आमच्या माहितीतल्या एका व्यापाऱ्याने माल पाठवण्यापूर्वी गिऱ्हाइकाला कळवले की पीक ठरल्यापेक्षा दोनने कमी आले आहे, भाव कमी लावतो. गिऱ्हाइकाने ऑर्डरच रद्द केली आणि तो पुन्हा आला नाही. माल सहा महिने गोदामात पडून राहिला आणि शेवटी घाट्यात गेला. बाजार त्याला भोळा म्हणाला. या गोष्टीला गोड शेवट नाही. एवढेच झाले की, त्याच्या मागांवरचे विणकर आजही पीक कमी लावण्यापूर्वी त्याला विचारतात, कारण तो लपवणार नाही हे त्यांना माहीत आहे. बरकत म्हणजे काय, याचा अर्थ ज्याने त्याने काढावा.

तेव्हा बंधूंनो, मोठे संकल्प बाजूला ठेवून उद्यापासून एवढे करून पाहू. बिलावर खरे फोल्डिंग आणि खरे पीक लिहू. दोष असलेल्या ताक्यावर दोषाची चिठ्ठी लावू. छोट्या मागवाल्याचे पैसे मोठ्याच्या आधी देऊ. मजुरीचा दिवस पाळू आणि पैसे हातात देऊ, फेकू नये. शेडचा दरवाजा मोकळा ठेवू. सौदा लिहून घेऊ आणि लिहून देऊ.

यात पाटी लावण्यासारखे काही नाही. पण एखादा अनोळखी गिऱ्हाईक आमच्या दुकानात येऊन गज हातात न घेता 'तुम्ही मोजा' म्हणेल, त्या वेळी आमचे अखलाक त्या गजाच्या टोकावर असतील. दोन सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे.